गच्चीवरचं ऊन, देशाची वीज
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पंचवीस वर्षांत आपण रंगकाम केलं, लिफ्ट बदलली. आता जरा गच्चीकडे बघू या.

जीवाश्म इंधनाशिवाय ५०० गिगावॉट वीजक्षमता २०३० पर्यंत उभारायची, असं देशाचं उद्दिष्ट आहे. २०२५ मध्ये निम्मी स्थापित क्षमता तशी झालीसुद्धा. पण प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत मोठा वाटा अजून कोळशाचाच. बटण आपण इथे दाबतो. धूर आणि राख चंद्रपूर-कोराडीच्या माणसांच्या वाट्याला येते. हे बदलणं एकट्या दिल्लीचं काम नाही.

हिशेब सोपा आहे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. २० किलोवॉट बसवले तर रोज ८० युनिट! लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाला मोठाच हातभार. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमुळे रात्रीच्या वापरात वळती होते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे आपल्याला ३,६०,०००.

वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती वाटते, ती रास्तच आहे. म्हणून आधी वॉटरप्रूफिंग, मगच पॅनेल; आणि गळतीची जबाबदारी ठेकेदाराच्या करारात लेखी. पापड-कुरडयांसाठी एक कोपरा राखून ठेवू!

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव येतोय. शंका असतील त्या जरूर विचारा, पण सभेला या. कोरम आपणच भरायचा आहे.