चहा कुणाचा, मांडव कुणाचा?
(सदर, नागपूर येथे जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज आपण सदरला बसलो आहोत. जवळच कस्तुरचंद पार्क आहे. त्या मैदानाने मोठमोठ्या सभा पाहिल्या. आपला आजचा प्रश्न तेवढा मोठा नाही. गावातल्या साठ कास्तकारांना बसवून बोंडअळीचा सापळा कसा लावायचा, पतंग कसे मोजायचे हे दाखवायचे, तर जागा कुठली आणि खर्च कुणाचा?

प्रश्न लहान वाटतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी, मजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी अळीने बीटी कपाशीची बोंडे पोखरली. औषध दुकानातून घरोघर पोचले होते. कशात काय मिसळू नये, वाऱ्याची दिशा कशी पाहावी, हे किती गावांत कुणी बसवून सांगितले होते?

सभा होत नाहीत असे नाही. कंपनीचा माणूस येतो, मांडव घालतो, चहा-नाश्ता देतो, टोप्या वाटतो. तो सांगतो ते सगळे खोटे नसते. पण ज्याचा मांडव त्याच्याच डब्याचे नाव शेवटी निघते. ‘यंदा फवारा मारू नका’ हे वाक्य त्या मांडवात कोण बोलेल? आणि सापळ्याची विद्या तर त्याच वाक्यावर उभी आहे. एकरी दोन कामगंध सापळे, पेरणीनंतर दीड महिन्याने लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तरच फवारणीचे पाहायचे.

पापळ गावच्या भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी भारत कृषक समाजातर्फे १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तिथे आले. तेवढ्या कामाला सरकारे लागतात. नागपुरात २००९ पासून अ‍ॅग्रोव्हिजन भरते, तेही जरूर पाहावे. पण माणूस तिथून पिशवीभर कागद घेऊन येतो; हात बसतो तो आपल्याच धुऱ्यावर.

जागा फुकट आहेत. पावसाळ्यात जिनिंग बंद, तिची शेड रिकामी. पण जिनवाल्याचे उपकार घेतले की दिवाळीनंतर कापसाच्या भावात ते फेडावे लागतात. बाजार समितीची शेड बरी, ती आपल्याच मालावरच्या सेसवर उभी आहे. सगळ्यात बरी जिल्हा परिषदेची शाळा, रविवारी. चावडीवर सभा ठेवली तर बाया येत नाहीत, आणि फवाऱ्याचे पाणी भरणारी, कापूस वेचणारी तर तीच. शाळेच्या ओसरीवर ती येऊन बसते. तिथून जवळचे वावर गाठून सापळा लावून पाहता येतो.

आता पैसा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुठीमुठीच्या धान्यावर वसतिगृहे चालवली. आपण घरटी २० रुपये धरू. साठ घरांचे १,२०० होतात. चहा, दोन-चार सापळे आणि पाहुण्याचे जाणे-येणे त्यात बसते. पाहुणा कुठला? केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरातच आहे, तिचे कृषी विज्ञान केंद्रही आहे. तालुका कृषी कार्यालयाकडे शेतीशाळा मागता येते. या सगळ्यांकडे रोख मागू नका, माणूस मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावले आहेत. ते घ्यावेत का, असे पुष्कळजण विचारतात. सिमेंटवाल्याचे घेतले तर आमची हरकत नाही. बियाणे-औषधवाल्याचे नकोत. आणि त्या पैशाला नोंदलेली संस्था लागते, तपासलेला हिशेब लागतो. साठ जणांच्या सभेसाठी एवढी यातायात परवडत नाही. दहा गावे मिळून वर्षाचा कार्यक्रम आखणार असाल तर पुढच्या बैठकीत बोलू.

जूनच्या मध्यावर पेरा झाला तर सापळ्याची वेळ जुलैअखेर येते. म्हणजे सभा त्याआधीच्या रविवारी. शाळेसाठी मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जेवायला उठण्याआधी गावाचे नाव, रविवारची तारीख आणि वर्गणी गोळा करणाऱ्या दोघांची नावे लिहून द्या. त्यातले एक नाव बाईचे असावे.