रक्तातून जाणारे निरोप

पचनाचा कारभार मज्जातंतूंच्या तारायंत्रावरच चालतो, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक शास्त्रज्ञांचा समज होता. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि त्या भागात आम्ल सोडले. तार तुटली होती. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस स्रवू लागला! मग निरोप पोहोचला कसा? रक्तातून. आतड्याच्या अस्तरातले एक द्रव्य रक्ताबरोबर स्वादुपिंडापर्यंत गेले होते. अशा द्रव्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत ती संप्रेरके होत.

स्वादुपिंडाला निरोप येतात, तसे ते धाडतेही. त्याचे इन्सुलिन स्नायूंच्या व मेदाच्या पेशींना रक्तातील साखर आत घेण्यास सांगते. हा निरोप थांबला, की रक्तात साखर साचते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड टॉम्प्सन हा १४ वर्षांचा मधुमेही मुलगा मरणपंथाला लागला होता. त्याला टोचलेला पहिला अर्क अशुद्ध निघाला. बारा दिवसांनी दिलेल्या शुद्ध अर्काने रक्तातील साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षे जगला. शरीरात हरवलेला निरोप बाहेरून पोहोचवता येतो, याची ग्वाही ती तेरा वर्षे देतात.