सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचताना
(संस्थेच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून आहे. तरीही आज पोटाच्या सोनोग्राफीवर बोलण्याचे धाडस करतो, त्याला कारण घरात घडलेला प्रसंग. माझ्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये 'सिंपल कॉर्टिकल सिस्ट' असे शब्द आले. सिस्ट म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कॅन्सर, असे आम्हीच ठरवून टाकले. दोन दिवस घरात कुणी धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडावर पाण्याचा साधा फोड आहे. वयाबरोबर होतो. काही करायला नको." आम्ही घाबरलो होतो ते एका शब्दाला.

हे शब्द येतात कुठून? सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोट तपासताना साधारणपणे २० ते ५० लाख कंपनांच्या लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटते. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी पोटातील गाठींवरील या तपासणीचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जठराचा असाध्य कॅन्सर ठरवलेल्या एका बाईंच्या पोटात त्यांना बीजकोशाची द्रवाने भरलेली गाठ दिसली. शस्त्रक्रियेने ती काढता आली.

म्हणून रिपोर्टची भाषा ही प्रतिध्वनीची भाषा आहे. 'इको' म्हणजे प्रतिध्वनी. 'अॅनइकोइक' म्हणजे प्रतिध्वनी न देणारा, पडद्यावर काळा दिसणारा भाग. तेथे बहुधा द्रव असतो. 'हायपोइकोइक' म्हणजे कमी प्रतिध्वनीचा, गडद. 'हायपरइकोइक' म्हणजे जास्त प्रतिध्वनीचा, पांढुरका. खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, ती 'अकौस्टिक शॅडो'. हे सारे दिसण्याचे वर्णन आहे. ती रोगाची नावे नव्हेत.

काही शब्द मात्र थेट बिघाड सांगतात. 'कॅल्क्युलस' म्हणजे खडा, 'कोलेलिथियासिस' म्हणजे पित्ताशयातले खडे, 'हेपॅटोमेगाली' म्हणजे वाढलेले यकृत, 'असायटिस' म्हणजे पोटात साठलेले पाणी. 'हायड्रोनेफ्रोसिस' म्हणजे लघवी तुंबून मूत्रपिंड फुगणे. अडथळा फार काळ राहिला तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते. दुखणे थांबले म्हणून असा रिपोर्ट गादीखाली सारू नये. नको तिथे भीती जशी वाईट, तशी नको तिथे बेफिकिरीही वाईट.

'स्प्लीनोमेगाली' म्हणजे प्लीहा, आपली पाणथरी, वाढणे. याची कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक आपण विसरू नये. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासींबरोबर आपल्याही समाजात आढळतो. त्यात लाल पेशी लवकर फुटतात, म्हणून कमी वयातही पित्तखडे होतात. पाणथरी वाढते, काहींची पुढे आक्रसते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

तपासणीपूर्वी ६ ते ८ तास उपाशी राहायला सांगतात, कारण जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावते आणि आतले नीट दिसत नाही. ओटीपोट पाहायचे असेल तर लघवी रोखून जावे लागते. रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन' असते, तो निष्कर्ष. 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहिले असेल तर त्याचा अर्थ, लक्षणे व इतर तपासण्यांशी हे ताडून पाहा. म्हणजे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जायचेच आहे. तेथे संकोच न करता विचारा, "साहेब, हा शब्द मराठीत सांगा."

आपला उपदेश छंदस् भाषेत बांधू नये, असे भगवान बुद्धांनी भिक्खूंना सांगितल्याचे विनयपिटकात नमूद आहे. ज्ञान लोकांच्या बोलीत पोचावे, हा त्यामागचा विचार मी मानतो. बँकेत रोज पाहतो, इंग्रजी फॉर्म न वाचताच माणसे सही करतात. स्वतःच्या शरीराच्या कागदावर तरी असे होऊ नये. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, वस्तीतल्या आजी-आजोबांच्या रिपोर्टमधले शब्द त्यांना मराठीत समजावून द्या. उपचार डॉक्टर ठरवतील. अर्थ सांगणे तुमच्या हाती आहे.