जुन्या विमानांची मुदतवाढ
(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचा संक्षेप)



२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेली ही जात ६२ वर्षे सेवेत राहिली. यात अभिमानाचा भाग आहे, तसाच चिंतनाचाही आहे. मराठवाड्याच्या शेजारी, नाशिकजवळील ओझरच्या सरकारी कारखान्यात ही विमाने मोठ्या संख्येने बांधली गेली. त्यांचे आयुष्य वाढविण्याचे कामही पुढे तेथेच झाले.

१९९६ साली रशियाशी झालेल्या करारानुसार १२५ मिग-२१ बिस विमानांचे आधुनिकीकरण ठरले. नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे आणि वैमानिकाच्या शिरस्त्राणातच नेम धरण्याचे साधन आले. ‘बायसन’ असे नवे नाव मिळाले. परंतु मूळ सांगाडा तोच राहिला आणि इंजिनही एकच राहिले. डोळे तरुण झाले, हाडे मात्र जुनीच राहिली.

धातूलाही शीण येतो. प्रत्येक उड्डाणाच्या ताणाने सांध्यांत सूक्ष्म भेगा वाढत जातात. म्हणून विमानाचे आयुष्य वर्षांइतकेच उड्डाणाच्या तासांत मोजतात. ते वाढवायचे तर विमान उघडून सांधा न् सांधा तपासावा लागतो, झिजलेले भाग बदलावे लागतात आणि तासांची नवी मर्यादा ठरवावी लागते. हे काम उच्च कौशल्याचे आहे. ओझरच्या कामगारांनी ते निष्ठेने केले.

मग दोष कोठे? नव्या विमानापेक्षा जुन्याची सुधारणा स्वस्त पडते, हा हिशेब वरवर बिनचूक आहे. परंतु त्यात वाढता दुरुस्तीखर्च, सुट्या भागांसाठी परदेशी कारखान्यांवरील अवलंबन आणि मनुष्यहानी धरलेली नसते. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गमावली व १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. हे सारे केवळ जुनेपणामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रगत प्रशिक्षण विमानाची शिफारस १९८२ साली झाली. त्याचा करार व्हायला २००४ साल उजाडले. विलंबाची किंमत तरुण वैमानिकांनीही मोजली.

मिगची जागा घेण्यासाठी तेजसची योजना १९८३ साली मंजूर झाली. पहिले उड्डाण २००१ साली झाले आणि पहिली तुकडी २०१६ साली उभी राहिली. या दरम्यानची पोकळी मुदतवाढीने भरली. म्हणजे मुदतवाढ हा मूळ रोग नव्हता. विलंबावरचे ते उसने औषध होते. औषध मिळाल्याने विलंब सुसह्य झाला, हा खरा धोका.

आता सुखोई-३० विमानांच्या आधुनिकीकरणास नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला तेजसच्या उत्पादनाची नवी शाखाही सुरू झाली. जुन्याची डागडुजी आणि नव्याची बांधणी ही दोन्ही कामे आवश्यकच आहेत. मात्र एकाच्या आड दुसरे रेंगाळता कामा नये.

यासाठी मुदतवाढीच्या प्रत्येक मंजुरीबरोबर तीन गोष्टी संसदेच्या समितीपुढे मांडल्या पाहिजेत: उड्डाणतासांची नवी मर्यादा, उरलेल्या आयुष्याचा एकूण खर्च आणि बदली विमान येण्याची तारीख. यात कोणतेही लष्करी गुपित फुटत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या खासदारांना हे तीन प्रश्न विचारावेत. उसन्या घेतलेल्या वर्षांचा जाब लोकशाहीत विचारलाच गेला पाहिजे.