विकत घेतलेल्या गाण्यावर हक्क कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वेतन, पाणी, जमीन हे प्रश्न समोर असताना गाण्याच्या प्रतींविषयी कशाला बोलायचे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु मालकी म्हणजे काय आणि तिच्या मर्यादा कोणी ठरवायच्या, हा आपल्या विचाराचा मूळ प्रश्न आहे. तो गिरणीच्या दारात उभा असतो, तसाच घरातल्या कॅसेटींच्या खोक्यातही असतो.

पदरमोड करून घेतलेल्या कॅसेटी अनेकांच्या घरी आजही आहेत. त्या वाजवणारे यंत्र मात्र कधीच बिघडले. घरातला मुलगा ती गाणी संगणकावर उतरवतो आणि मोबाइलवर घेतो. तो चोरी करतो काय?

उत्तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. खासगी उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर हा हक्कभंग नव्हे, असे ते कलम म्हणते. मात्र 2012 पर्यंत ही तरतूद साहित्य, नाट्य, संगीत व कला यांपुरतीच होती. ध्वनिमुद्रण ही कायद्याच्या लेखी संगीताहून निराळी कृती असल्याने ती बाहेरच राहिली. पुस्तकातील कविता वहीत उतरवणाऱ्यास जे संरक्षण होते, ते कॅसेटवरून कॅसेट करणाऱ्यास नव्हते. 2012 च्या दुरुस्तीने संगणक-प्रणाली वगळून सर्व कृती या तरतुदीखाली आणल्या. तेव्हा, विकत घेतलेल्या गाण्याची स्वतःपुरती प्रत काढणारा मुलगा चोर नव्हे.

यावर कोणी विचारील की, मग कलावंताच्या पोटाचे काय? हा आक्षेप आपण तरी हसण्यावारी नेता कामा नये. पण कलावंताचे खरे नुकसान कोठे झाले ते पाहा. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता होय. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थानच नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. कलावंताचा सादरीकरणाचा हक्क त्यानंतर 1994 मध्ये आला. गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतील समान वाटा सोडून देता येणार नाही, ही तरतूद तर 2012 ची! म्हणजे ज्या दुरुस्तीने श्रोत्याला प्रत दिली, तिनेच गीतकाराला वाटा दिला. हे दोन हक्क एकमेकांचे वैरी नाहीत.

इतर देशांत काय घडले? ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2014 मध्ये स्वतःपुरती प्रत काढण्याची मुभा मिळाली. परंतु कलावंतांच्या भरपाईची सोय न केल्याने संगीतकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि 2015 मध्ये ती मुभा रद्द झाली. उलट पश्चिम जर्मनीने 1965 मध्येच ध्वनिमुद्रण यंत्रांच्या विक्रीतून कलावंतांसाठी मोबदला वसूल करण्याची पद्धत घातली होती. श्रोत्याला मोकळीक आणि कलावंताला दाम, दोन्ही साधता येतात, हाच याचा अर्थ.

आज संकट आहे ते दुसरेच. मासिक वर्गणी भरून ऐकल्या जाणाऱ्या गाण्यात श्रोता काहीच विकत घेत नाही. वर्गणी थांबली की गाणे गेले. गाणी मोबाइलवर साठवता येतात, पण त्यांना कुलूप असते. कायद्यातील कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद सांगते. कायद्याने मना न केलेल्या कृतीला ते आडवे येत नाही, हे खरे. परंतु किल्ली ज्याच्या हाती नाही, त्याला कागदावरचा हक्क काय कामाचा? श्रोता पुन्हा कूळ झाला आहे, आणि या कुळाला कूळकायद्याचाही आधार नाही.

शेवटी एक पथ्य आपल्यालाही पाळावे लागेल. स्वतःसाठी प्रत काढणे वेगळे. तीच प्रत शंभर जणांना वाटणे वेगळे. शाहिराचे गाणे चळवळीच्या नावाखाली फुकट वाटणारा कार्यकर्ता त्या शाहिराचाच दाम बुडवतो. श्रमाचे मोल मागणाऱ्यांनी ते आधी चुकते केले पाहिजे. एवढे केले, तरच विकत घेतलेली वस्तू खरोखर आपली असावी, ही मागणी आपण ताठ मानेने करू शकू.