सांधा बदलल्यानंतरचे घर आणि घरातील साधने

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक सभेत झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले.)



खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा कसा बदलतात, हे सांगण्याचा अधिकार शल्यविशारदांचा आहे. माझे काम त्यांचे काम संपल्यावर सुरू होते. ज्याला या देशात रिप्पुय बे-इसूक म्हणतात, त्या व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात मी बरीच वर्षे काढली. रुग्णाने घरी परतल्यावर स्नान कसे करावे, मोजे कसे चढवावेत, शौचास कसे बसावे, चहाचा पेला ओट्यावरून टेबलापर्यंत कसा न्यावा, असे प्रश्न आमच्या वाट्याला येतात. ऐकणाऱ्याला ते क्षुल्लक वाटतात. परंतु नवा खुबा निखळतो तो सरळ चालताना क्वचितच. बुटक्या आसनावरून उठताना, जमिनीवरचे काही उचलण्यासाठी वाकताना, अंथरुणात बेसावधपणे कूस बदलताना तो निखळतो. म्हणजे धोका रस्त्यावर कमी आणि घरात अधिक आहे.

असे का होते, ते थोडक्यात सांगते. शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत बसलेला असतो. १९६२ साली इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि टिकाऊ प्लास्टिकची वाटी यांची जोडी बसवली, आणि आजच्या कृत्रिम खुब्यांची घडण त्याच कल्पनेवर उभी आहे. मात्र गोळा वाटीत धरून ठेवण्याचे काम भोवतालचे आवरण आणि स्नायू करतात. शस्त्रक्रियेत त्यांना छेद द्यावा किंवा बाजूला सारावे लागते, आणि ते पुन्हा घट्ट होण्यास काही आठवडे जातात. सांधा मागच्या बाजूने उघडला असेल, तर त्या काळात तीन गोष्टी वर्ज्य असतात: खुबा काटकोनापेक्षा अधिक दुमडणे, पायावर पाय टाकणे, आणि पायाचा चवडा आत वळवणे. पुढून उघडलेल्या सांध्याचे निर्बंध निराळे आणि बहुधा कमी असतात. काही शल्यविशारद आता मागून उघडूनही पूर्वीइतकी बंधने घालत नाहीत. म्हणून शेजारणीला काय सांगितले होते, यावर विसंबू नये. माझा सांधा कोणत्या बाजूने उघडला, मला कोणते निर्बंध आहेत आणि किती आठवडे, हे तीन प्रश्न कागदावर लिहून आपल्या डॉक्टरांना विचारावेत. उत्तर साधारणतः सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान येते.

आता ही तीन वर्ज्ये आपल्या घरांशी ताडून पाहा. आपले आईवडील कोकणातून, मुंबईहून आले ते पाटावर बसणारे, मांडी घालणारे, विळीपुढे एक गुडघा उभा करून नारळ खवणारे. इथे आल्यावर पाट गेला, पण त्याच्या जागी मऊ, खोल, बुटका सोफा आला. खुब्याच्या दृष्टीने तो पाटापेक्षा फार बरा नाही. कित्येक घरांत विळी अजून आहे, आणि ती चालवणारी बाई सत्तरीची आहे.

यासाठी पहिले साधन लागते ते शिवणकामाच्या डब्यातली मापपट्टी. घरात घालतो ती पादत्राणे घालून खुर्चीवर बसावे आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्यात पाच सेंटिमीटर मिळवावेत. खुर्ची, पलंग आणि कमोड, तिन्हींची बैठक निदान एवढ्या उंचीवर हवी, म्हणजे बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर राहतो. मोजताना गादी किंवा उशी शरीराच्या भाराने किती दबते, तेही पाहावे. वरून उंच दिसणारा सोफा बसल्याबरोबर खाली जातो आणि हिशेब चुकवतो. खुर्चीला दोन भक्कम हात असावेत, चाके नसावीत. उठताना शस्त्रक्रियेचा पाय पुढे सरकवावा, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबावेत आणि पूर्ण उभे राहिल्यावरच हलिखोन, म्हणजे आपला वॉकर, धरावा. हलिखोनला धरून स्वतःला ओढून उठवण्याची सवय फार जणांना असते. ते हलके यंत्र अशा वेळी उलटते.

कमोडविषयी थोडे अधिक बोलते. सभेत संकोच वाटला तरी सर्वांत जास्त गरज तिथेच पडते. नेहमीचा कमोड बहुतेकांना सखल पडतो. त्यावर बसवण्याची प्लास्टिकची उंच बैठक मिळते. ती दहा ते पंधरा सेंटिमीटरने उंची वाढवते, आणि काही प्रकारांना दोन्ही बाजूंनी हातही असतात. बसवल्यावर ती डळमळत नाही ना, हे स्वतः हाताने दाबून तपासावे. हे साधन स्वस्त आहे, तात्पुरते आहे, आणि माझ्या अनुभवात लोक सर्वाधिक नाकारतात ते हेच.

एका घराची हकिकत सांगते. नाव, गाव सांगत नाही. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. खुब्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली, चौथ्या दिवशी त्या घरी आल्या. उंच बैठक आणलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी जावयाकडची मंडळी येणार म्हणून त्यांनी ती काढून माळ्यावर ठेवायला लावली. पाहुणे काय म्हणतील, ही चिंता. पाहुणे गेले, बैठक माळ्यावरच राहिली. रात्री दोन वाजता त्या एकट्या उठल्या, कमोडवर बसल्या, आणि उठताना पुढे झुकल्या. पाय आखूड झाला, आत वळला, जमिनीवर टेकवेना. सुदैवाने सुनेने पाय ओढण्याचा प्रयत्न केला नाही. तिने त्यांना होत्या तशाच ठेवून १०१ क्रमांकावर मागेन दाविद आदोमला बोलावले. अशा वेळी तेच करायचे असते. सांधा भूल देऊन परत बसवला गेला, परंतु बाईंच्या मनात चालण्याची जी भीती बसली, ती घालवायला आम्हांला त्यापुढे कितीतरी महिने लागले. चष्मा लावताना आपण पाहुण्यांची परवानगी घेत नाही. मग इथेच का, हा प्रश्न मी त्यांनाही विचारला होता. त्या हसल्या, उत्तर दिले नाही.

स्नानगृहात दोन शत्रू: ओली फरशी आणि टबाचा उंच काठ. टब असेल तर त्यात पाय टाकून उतरू नये. चार पायांचा लांब बाक मिळतो, त्याचे दोन पाय टबात आणि दोन बाहेर असतात. बाहेरच्या टोकाला बसायचे, मागे सरकायचे, आणि एकेक पाय आत घ्यायचा, तोही पाठ थोडी मागे रेलून. शॉवरची जागा सपाट असेल तर रबरी बुडाची स्नानाची खुर्ची पुरते. हातात धरायचा शॉवर आणि लांब दांड्याचा स्पंज असला की पाय धुण्यासाठी वाकावे लागत नाही. भिंतीतला आधाराचा दांडा मिस्त्रीकडून स्क्रूने पक्का बसवून घ्यावा. टॉवेल टांगण्याची दांडी माणसाचा भार घेत नाही, आणि हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे केव्हा सुटतील याचा भरवसा नसतो. आणखी एक, आपल्या गृहिणींना राग येईल तरी सांगते: पहिले काही आठवडे रुग्ण चालत असताना घरात स्पोंजा करू नये. पाणी ओतून धुतलेली दगडी फरशी पूर्ण वाळेपर्यंत रुग्णाने खुर्चीवरच बसून राहावे. पायपुसणी आणि सुटे गालिचे गुंडाळून ठेवावेत.

पोशाखासाठी तीन-चार लहान वस्तू आहेत, त्या इथे टेबलावर मांडल्या आहेत. टोकाशी चिमटा असलेली ही लांब काठी जमिनीवर पडलेले उचलते आणि पायजमा पायापर्यंत नेते. हा दोन दोऱ्यांचा प्लास्टिकचा पन्हाळ्यासारखा तुकडा मोजा चढवण्यासाठी आहे: मोजा यावर ओढायचा, तुकडा जमिनीवर सोडायचा, पाय आत सरकवायचा आणि दोऱ्या ओढायच्या. लांब दांड्याचे शूहॉर्न आणि ताणणाऱ्या रबरी नाड्या असल्या की बूट बांधावे लागत नाहीत. कपडे घालताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, काढताना तो शेवटी. चार दिवसांत हे अंगवळणी पडते.

स्वयंपाकघरात खरी अडचण हातांची होते, कारण दोन्ही हात हलिखोनवर असतात. गरम भांडे हातात घेऊन कोणी चालू नये. ते ओट्यावरून सरकवत न्यावे, चहा झाकणाच्या थर्मासमध्ये भरावा आणि हलिखोनच्या पुढे अडकवलेल्या पिशवीत ठेवावा. पिशवी जड केली तर हलिखोन पुढे कलंडतो, एवढे लक्षात असू द्यावे. रोजची भांडी, तेल, तांदूळ, डाळ ही कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणून ठेवावीत, आणि हे काम शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात करावे. ओट्याशी एक उंच, पाठीचे स्टूल ठेवावे. पोळ्या लाटणे, भाजी चिरणे त्यावर बसून होते. रोश हशाना जवळ आला की मला दरवर्षी कोणीतरी विचारते, चिकाचा हलवा कधी ढवळता येईल? तासन्‌तास उभे राहून ढवळण्याचे ते काम पहिल्या तीन महिन्यांत सुनेकडे किंवा नातवाकडे द्यावे. प्रमाण आणि आच यांवरची देखरेख उंच स्टुलावरून करता येते, आणि ती तुम्ही सोडणार नाही हे मला ठाऊक आहे.

गुडघा बदललेल्यांचे गणित वेगळे. त्यांना निखळण्याची धास्ती त्या मानाने फारच कमी, पण सांधा आखडण्याची मोठी. त्यांनी गुडघा वाकवण्याचा आणि पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम, दुखले तरी, सांगितल्याप्रमाणे केला पाहिजे. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. उंच बैठक त्यांनाही सुरुवातीस सोयीची असते, मात्र ती लवकर सुटावी.

काठीबद्दल दोनच गोष्टी. बूट घालून, हात सैल सोडून उभे राहिले असता मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. आणि काठी शस्त्रक्रियेच्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. दुखऱ्या बाजूलाच काठी धरणारे मला आजही रस्त्यात दिसतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. लिफ्ट नसलेल्या शिकुनांत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे रुग्णालयातच फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहिल्याखेरीज घरी येऊ नये.

आणि भोंगा. हा विषय टाळून चालणार नाही. अश्दोदसारख्या शहरात सुरक्षित जागी पोहोचायला पाऊण मिनिट मिळते, बेर शेवाला एक मिनिट. हलिखोनवर चालणारा माणूस पलंगावरून उठून तिथवर एवढ्या वेळात जातो का, हे घड्याळ लावून पाहावे. बहुधा जात नाही. ज्यांच्या घरी ममाद आहे, त्यांनी रुग्णाचा पलंग काही आठवडे ममादमध्येच हलवावा आणि दाराला उंबरठा असेल तर हलिखोनचा सराव तिथे करावा. ज्या जुन्या इमारतींत ममाद नाही आणि आश्रयस्थान तळमजल्याखाली आहे, त्यांनी तेवढे आठवडे शक्य असल्यास मुलाकडे किंवा मुलीकडे राहावे. हा विचार शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच करावा.

आपल्या रीतिरिवाजांतही एका ठिकाणी हा प्रश्न येतो. घरात मृत्यू झाला तर शिव्याचे सात दिवस आपण खाली बसतो. आजारी आणि अशक्त माणसाला त्यातून मोकळीक आहे, त्याने नेहमीच्या उंच खुर्चीवर बसावे. कोणाला मनात खटकत असेल तर रब्बींना विचारावे. पण दुःखाच्या भरात बुटक्या स्टुलावर बसू नये, आणि कुटुंबातील तरुणांनी वडीलधाऱ्यांसाठी खुर्ची स्वतः आणून ठेवावी, त्यांना मागायला लावू नये.

यातले बहुतेक काही विकत घ्यावे लागत नाही. १९७६ साली यरुशलेममध्ये सुरू झालेली याद सारा ही संस्था अनामत ठेवून अशी साधने उसनी देते, आणि परत केल्यावर अनामतही परत मिळते. देशभर तिच्या शाखा आहेत, त्यांत बहुतेक काम स्वयंसेवक करतात. कुपात होलिमकडून काय मिळते, तेही आधी विचारून ठेवावे. माझा आग्रह एवढाच, की साधने शस्त्रक्रियेच्या आधी घरी आणावीत आणि दुखरा पाय अजून जुनाच असताना वापरून पाहावीत. शुक्रवारी दुपारी रुग्णालयातून सुटका झाली आणि केंद्र बंद, असे प्रसंग पुष्कळ घडतात.

मुलासुनांना शेवटची विनंती. चिमट्याची काठी हाताशी असताना पडलेला रुमाल तुम्ही धावत उचलून देऊ नका. मोजा चढवायला दहा मिनिटे लागत असतील तर दहा मिनिटे थांबा. न्हाणीघराच्या दाराबाहेर जरूर उभे राहा.

आता चहा आहे. साधने टेबलावरच असू देत. प्रत्येकाने मोजा चढवून पाहावा, आणि मापपट्टी मुकादमांकडे आहे.