फौजेतली संध्याकाळ आणि आपलं मैदान

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, २९ ऑगस्ट २०२५ रोजी केलेले भाषण)



आज बाप्पांचा तिसरा दिवस आणि योगायोगाने राष्ट्रीय क्रीडादिनही. मेजर ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, म्हणून हा दिवस. समितीने मला ‘सैनिक आणि खेळ’ यावर बोलायला सांगितलं. मी फौजी नाही. माझी सगळी नोकरी लेजर आणि व्हाउचरमध्ये गेली. पण त्यातली चार वर्षं छावणी भागातल्या शाखेत काढली. जवानांची पगाराची खाती आमच्याकडे होती. त्यामुळे सैनिक लढाईत कसा असतो ते मला माहीत नाही. पण साध्या मंगळवारी संध्याकाळी तो काय करतो, ते मी रोज पाहिलेलं आहे. आज त्याबद्दलच बोलतो.

आपल्याला वाटतं, फौज म्हणजे बंदूक, सीमा आणि २६ जानेवारीचं संचलन. पण शांततेच्या ठाण्यावरच्या जवानाचा बहुतेक दिवस आपल्यासारखाच कामात जातो. पहाटे पीटी, मग चहा-नाश्ता, मग प्रशिक्षण. कोणी गाड्यांच्या देखभालीवर, कोणी स्टोअरमध्ये, कोणी कार्यालयात कागद रंगवतोय, कोणी लंगरमध्ये दोनशे माणसांच्या पोळ्या करतोय. दुपारी जेवण, थोडा आराम. आणि चारच्या पुढे, उन्हाळ्यात जरा उशिरा, गेम्स परेड. शब्द नीट ऐका. खेळाची ‘सुट्टी’ नाही, खेळाची ‘परेड’. तिथे हजेरी लागते. त्यानंतर अंघोळ, रोल कॉल, उद्याच्या कामाचे हुकूम, जेवण, झोप.

आमच्या बँकेतही खेळ होते बरं का! वार्षिक स्पर्धा व्हायच्या, कॅरम असायचा. पण खेळणारे दहा आणि टाळ्या वाजवणारे नव्वद. फौजेत मी उलटं पाहिलं. कंपनीतला जो ड्युटीवर किंवा आजारी नाही, तो मैदानावर. कारकून, ड्रायव्हर, न्हावी, लांगरी, सगळे. लांगरी म्हणजे लंगरमधला आचारी. आणि त्यांच्याबरोबर अधिकारीही.

यात सगळ्यांत लाडका खेळ व्हॉलीबॉल. कारण सोपं आहे. फुटबॉलला, हॉकीला मोठं मैदान लागतं. व्हॉलीबॉलला अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद जागा, एक जाळं, एक चेंडू, बस्स. डोंगरउतारावर एवढीच सपाटी मिळाली तरी खेळ उभा राहतो. आणि या खेळात एक गंमत आहे. प्रत्येक वेळी सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही खेळाडूंना घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा बदलावी लागते. आज जाळ्यापाशी उभा असलेला साहेब दोन-तीन फेऱ्यांत मागच्या रांगेत जातो आणि मागचा शिपाई पुढे येतो. हुकूम कोणी द्यावा लागत नाही, खेळाचा नियमच तसा.

एकदा त्यांनी आमच्या शाखेला मैत्रीच्या सामन्याला बोलावलं. तेव्हा गेम पंधरा गुणांचा असे. पहिला गेम आम्ही १५-३ असा घालवला; त्यातले दोन गुण त्यांनी सौजन्याने दिले असावेत. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. त्यांच्या कमांडिंग ऑफिसरची सर्व्हिस जाळ्यात गेली, तेव्हा मागून त्यांचा लांगरी ओरडला, “साब, थोडा ऊंचा!” साहेबांनी मान डोलावली आणि पुढची सर्व्हिस उंच मारली. सकाळी हाच लांगरी त्याच साहेबांसमोर सावधान उभा राहत असेल. संध्याकाळी मात्र ज्याला खेळ जास्त कळतो त्याचं ऐकायचं.

मी तिथल्या एका वयस्कर सुभेदारांना विचारलं, “एवढी पीटी झाल्यावर पुन्हा खेळ कशाला?” ते म्हणाले, “पीटीने अंग तयार होतं. पण कोण चिडतो, कोण दुसऱ्याला पास देतो, कोण हरल्यावर गप्प गप्प राहतो, हे आम्हाला इथे कळतं.” माणसं घरापासून हजार-दोन हजार किलोमीटर लांब असतात. वर्षाची साठ दिवसांची रजा येईपर्यंत आई-बापाची, शेताची, मुलांच्या शाळेची काळजी मनात घेऊनच राहायचं. अशा माणसाचं मन बिनसलंय हे कार्यालयात कळत नाही. तो मैदानावर यायचा कंटाळा करू लागला की कळतं.

सगळं गोड नसतं, हेही सांगतो. परेड म्हटल्यावर सक्ती आलीच. रात्रीची गारद ड्युटी करून आलेल्या जवानाला संध्याकाळी चेंडूपेक्षा उशी जवळची वाटते. आणि फार उंचावरच्या चौक्यांवर, जिथे दोन पावलांत दम लागतो, तिथे पत्ते आणि कॅरमवरच भागवावं लागतं.

पण या रोजच्या खेळातून काय निघालं ते बघा. ध्यानचंद १९२२ साली सतराव्या वर्षी साधे शिपाई म्हणून भरती झाले. तोवर त्यांना हॉकीची विशेष ओढ नव्हती, कुस्ती आवडायची. पलटणीतले सुभेदार-मेजर बाले तिवारी हॉकीचे शौकीन, त्यांनी हातात स्टिक दिली. पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. शिपाई म्हणून आत गेलेला माणूस मेजर म्हणून निवृत्त झाला.

मिल्खासिंग भरतीत आधी नाकारले गेले होते. शेवटी ईएमई या तांत्रिक दलात घेतले गेले. सिकंदराबादला नव्या रंगरुटांची सहा मैलांची क्रॉसकंट्री लावली, आणि पहिल्या दहांत आला त्याला पुढच्या सरावासाठी निवडायचं असं ठरलं. मिल्खा पहिल्या दहांत आले. ती शर्यत सगळ्यांना सक्तीची नसती, तर?

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा ज्यांच्यावर निघाला ते. तेही ईएमईतले, मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पोहणं सुरू केलं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला, पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक. ज्याला दररोज मैदानावर जायची सवय होती, त्याने खाटेवर पडल्यावरही दुसरं मैदान शोधलं, असं मी समजतो.

अलीकडचे दोघे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहून आला आणि त्यानंतर क्रॉसकंट्रीकडे वळला. २०१८ मध्ये त्याने स्टीपलचेसचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. दुसरा दत्तू भोकनळ, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव. फौजेत गेल्यावर रोईंग, म्हणजे नौकानयन, शिकला. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण मिळवलं. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावचा मुलगा पाण्यात जिंकला.

आता खेळाडू म्हणून थेट भरतीही होते. नीरज चोप्रा तसाच आला. आपल्या पुण्यात २००१ पासून आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. यंदाच्या उत्तराखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ सुवर्णपदकं घेऊन सेनादल पहिलं आलं आणि ५४ सुवर्णांसह आपला महाराष्ट्र दुसरा. पण मी ज्यांची नावं घेतली त्यांच्यातले बहुतेक जण खेळाडू व्हायला म्हणून फौजेत गेले नव्हते. ते नोकरीला गेले. तिथे सगळ्यांना खेळायला लावत, म्हणून यांच्यात काय दडलंय ते दिसलं. कोणात काय आहे हे आधी कळत नसतं. आधी सगळ्यांना मैदानावर आणावं लागतं.

आता थोडं आपल्या घरचं. येत्या वार्षिक सभेत मागच्या मोकळ्या जागेवर पार्किंग करायचा ठराव येणार आहे. ज्यांच्या घरी दुसरी गाडी आली त्यांची अडचण मला समजते. रात्री उशिरा आलं की रस्त्यावर गाडी लावावी लागते, काचा फुटतात. कायद्याची बाजू समिती बघेल. मी जुना हिशेबनीस, म्हणून परवा सकाळी टेप घेऊन जागा मोजली. साधारण पासष्ट फूट लांब, पस्तीस फूट रुंद. अठरा मीटर म्हणजे जवळजवळ साठ फूट, नऊ मीटर म्हणजे तीस. व्हॉलीबॉलचं कोर्ट तिथे बसतं. गाड्या बसतील फार तर दहा. आपले फ्लॅट चौसष्ट. म्हणजे चोपन्न घरांचा प्रश्न तसाच राहणार आणि मैदान मात्र जाणार.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा सगळे एकमेकांना नावाने ओळखत होतो. आता नवीन भाडेकरू लिफ्टमध्ये भेटतो आणि आपण दोघंही मोबाइलकडे बघतो. मीटिंगमध्ये एकमेकांवर आवाज चढवणारी माणसं संध्याकाळी एका जाळ्याच्या दोन बाजूंना उभी राहिली, तर निम्मी भांडणं रजिस्टरमध्ये चढणारच नाहीत.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एक वर्ष पार्किंगचा ठराव थांबवा. बी विंगमधले आपले निवृत्त सुभेदारसाहेब आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवायला तयार आहेत, मुलींनाही आणि मुलांनाही. दोन खांब, जाळं आणि चेंडू यांचा खर्च मी करतो. मला आता उडी मारता येत नाही, पण गुण मोजता येतात. मोजणीत माझा हात कोणी धरणार नाही! वर्षाने मैदान रिकामंच पडलेलं दिसलं, तर पार्किंगच्या बाजूने पहिला हात मी वर करीन.

वेळ संध्याकाळी साडेसहा. हजेरी लागेल. वॉचमनकाका, अध्यक्ष, नवे भाडेकरू, सगळ्यांची. आणि अध्यक्षसाहेब, फेरी बदलली की तुम्हालाही मागच्या रांगेत जावं लागेल, आधीच सांगून ठेवतो.

मुलांनो, समोसे आले वाटतं. मी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद!